ताटातले अकरा शेंगदाणे: मराठी क्रिकेट समालोचकांना खुलं पत्र

मराठीतून क्रिकेटचं समालोचन करणाऱ्या तुम्हा सर्वांना,

स. न. वि. वि.

मी तुमचा श्रोता आहे. प्रेक्षक असं लिहिता येत नाही, कारण मी जन्मतः पूर्ण अंध आहे. मिरजेत राहतो, बँकेत नोकरी करतो, वय एक्कावन्न. यातली चाळीसेक वर्षं क्रिकेट ऐकण्यात गेली आणि त्याच हक्कानं हे पत्र लिहितोय. तुमच्यावर राग नाही. प्रत्येक चेंडूचं बोलणं मराठीतून मोबाइलवर ऐकायला मिळेल असं आमच्या पिढीला कधी वाटलं नव्हतं. पहिल्यांदा मोबाइलमधून 'नाणेफेक' हा शब्द ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. म्हणूनच जे बोलायचं ते तुमच्याशीच.

आधी ताटाची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

लहानपणी आमच्याकडे अण्णांचा ट्रान्झिस्टर होता, चामडी पाकिटातला. सामना लागला की अण्णा आणि मोठी ताई त्याला कान लावून बसायचे आणि मी मध्ये मध्ये विचारत राहायचो, गली म्हणजे काय, मिडऑन कुठे असतो, डीप म्हणजे काय खोल असतं? एका दुपारी आईनं स्वयंपाकघरातून पितळी ताट आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मधोमध खराट्याची काडी ठेवली. ही खेळपट्टी. माझ्या पोटाकडचं टोक फलंदाजाचं, पलीकडचं गोलंदाजाचं. मग तिनं अकरा शेंगदाणे घेतले आणि ताईला म्हणाली, "मला नावं येत नाहीत, तू सांग, मी ठेवते." ताई सांगत गेली. यष्टिरक्षक माझ्या पोटाला लागून. त्याच्या उजवीकडे स्लिप, तिच्या पुढे गली, आणखी पुढे पॉइंट, मग कव्हर, मग मिडऑफ. डाव्या हाताला मिडऑन, मिडविकेट, स्क्वेअर लेग आणि मागे पार कोपऱ्यात फाइन लेग. गोलंदाजाचा शेंगदाणा काडीच्या पलीकडच्या टोकाशी. ताटाची कड म्हणजे सीमारेषा.

मी दोन्ही हात फिरवले. त्या दिवशी मला मैदान कळलं.

पुढे तो रिवाजच झाला. डावखुरा फलंदाज आला की अण्णा म्हणायचे, "उलट!" आणि मी उजवीकडचे दाणे डावीकडे करायचो. १९८४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात वानखेडेवर इंग्लंडविरुद्धची कसोटी झाली. अठरा वर्षांच्या लक्ष्मण शिवरामकृष्णननं दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले. मी दहा वर्षांचा होतो. फिरकी सुरू झाली की समालोचक सांगायचे, अमका पुढे आला, तमका फलंदाजाच्या अगदी नाकासमोर आला, आणि माझे दाणे काडीभोवती दाटत जायचे. चेंडू पडला की कुणाकडे गेला हे ऐकून मी त्या दाण्यावर बोट ठेवायचो. तो सामना मी पाहिला, असंच मी आजही म्हणतो आणि घरात कुणी मला दुरुस्त करत नाही.

हे शक्य झालं ते माइकवरच्या माणसामुळे. आजोबा त्याला 'धावतं वर्णन' म्हणायचे. बाळ ज. पंडितांनी ते मराठी घराघरांत नेलं. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, पण बोलताना स्वतःसाठी बोलायचे नाहीत. माजघरात, शेताच्या बांधावर, सलूनमध्ये बसलेल्या माणसासमोर मैदान नाही, हे त्यांच्या पिढीच्या सगळ्याच आकाशवाणीकारांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून आधी वर्णन, मग मत. आता शब्द बदलला, आपण 'समालोचन' म्हणतो. आणि शब्दाबरोबर कामही बदललंय असं मला वाटतं. समालोचन भरपूर होतं. वर्णन होत नाही.

तुमची अडचण मला कळते. तुमच्यासमोर चित्र असतं, ऐकणाऱ्यासमोरही असतं असं तुम्ही धरून चालता, आणि दिसतंय ते कशाला सांगायचं असं कुठल्याही माणसाला वाटेल. पण त्याचा परिणाम कसा होतो ते एकदा ऐका. गेल्या वर्षीचा एक सामना. कोणता, कुठल्या वाहिनीवर, हे सांगत नाही, कारण हे एकाचं नाही. समालोचक दोघे बिर्याणीविषयी बोलत होते. मागून बॅटचा आवाज आला, पातळ, कडेचा. एकदम गर्दीचा आरडाओरडा. आणि माइकवर, "ओहोहोहो! बघा, बघा! काय कॅच आहे! असा कॅच तुम्ही पाहिलाच नसेल! पुन्हा बघा!" मी पुन्हा 'बघितलं'. पुन्हा ओहोहो. कोण बाद झाला, झेल कुणी घेतला, कुठे घेतला, धावत घेतला की झेपावून, यातलं काही नाही. मग जाहिरात. जाहिरातीनंतर दोन चेंडू झाले तेव्हा नव्या फलंदाजाच्या नावावरून मी ताडलं की आधीचा कोण गेला असावा. झेल कुणी घेतला ते मला रात्री बातम्यांत कळलं.

आता कानाला आपोआप काय कळतं आणि काय कळत नाही, हे मला नीट सांगायचंय, कारण सगळी मागणी यावरच उभी आहे.

कानाला पुष्कळ कळतं. मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीजवळ वाढलो. तिथली माणसं वाळलेल्या भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि आवाजावरून तो चांगला की खराब हे ठरवतात. लाकूड बोलतं, हे मी तिथे शिकलो. बॅटही तशीच. मधोमध बसलेला चेंडू 'टॉक्' असा भरीव, गोल वाजतो. कडेचा 'टिक्'. खालच्या टोकाला लागलेल्याचा आवाज फुटका, बद्द येतो. पॅडला लागला तर 'थप्', त्याला घुमारा नाही. हल्ली यष्ट्यांमधला माइक चांगला असतो, त्यामुळे गोलंदाजाचं शेवटचं पाऊल ऐकू येतं, सोडतानाचा हुंकार ऐकू येतो. चेंडू टप्पा पडल्याचा आवाज आणि बॅटचा आवाज यांतलं अंतर ऐकलं की टप्पा कुठे पडला ते कळतं. दोन्ही आवाज जवळजवळ एकात एक आले तर चेंडू फलंदाजाच्या पायाशी पडला. अंतर पडलं तर आखूड. यष्टिरक्षकाचा आवाज जवळून आला तर फिरकी सुरू आहे, तो यष्टींना खेटून उभा आहे. ग्लोव्ह्जचा आवाज लांबून, उशिरा आला तर वेगवान गोलंदाज. धोनी यष्टींमागून फिरकी गोलंदाजांना सूचना द्यायचा, ते ऐकणं तर मला समालोचनापेक्षा जास्त शिकवून जायचं.

झिंबाब्वेचे डीन डुप्लेसी जन्मतः अंध आहेत आणि ते २००१ पासून क्रिकेटचं समालोचन करत आलेत. यष्टीच्या माइकवर कान ठेवून, पावलांवरून आणि हुंकारांवरून ते गोलंदाज ओळखतात. म्हणजे मी काही चमत्कार सांगत नाही. सराव केलेल्या कानाचं हे साधं काम आहे. अंधांच्या क्रिकेटमध्ये तर सगळा खेळच यावर चालतो. प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, गोलंदाज "रेडी?" विचारतो, फलंदाज "यस" म्हणतो, मग "प्ले" म्हणत चेंडू हात खाली ठेवून, जमिनीलगत टाकला जातो. मी कॉलेजात असताना हे खेळलोय. येणारा चेंडू ऐकून त्यावर बॅट आडवी टाकायची, त्यातला आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. गेल्या नोव्हेंबरात, २०२५ मध्ये, अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक आपल्या मुलींनी कोलंबोत जिंकला, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले.

पण कानाला एक गोष्ट मुळीच कळत नाही, ती म्हणजे दिशा. बॅटच्या आवाजावरून चेंडू कसा लागला ते कळतं, कुठे गेला ते नाही. गर्दीचा आवाज चढत गेला तर सीमारेषेकडे चाललाय एवढं कळतं, कोणत्या बाजूच्या, ते नाही. दूरदर्शनच्या किंवा मोबाइलच्या आवाजात डावं-उजवं उरतच नाही. ती एक गोष्ट फक्त माणूस सांगू शकतो. ती तुमच्या हातात आहे, आणि तेवढी मिळाली की बाकीचं सगळं चित्र आम्ही आमचं रंगवतो.

यासाठी फार वेळ लागत नाही. समजा तुम्ही म्हणालात, "ऑफ यष्टीबाहेर आखूड, मागच्या पायावर जाऊन मारला, पॉइंट आणि कव्हरच्या मधून, पॉइंट उजवीकडे झेपावला, हाताला लागला नाही, मागे कुणी नाही, चार." हे म्हणायला दहा सेकंदसुद्धा पुरतात. वेगवान गोलंदाजाच्या दोन चेंडूंमध्ये अर्धा मिनिट तरी असतो. उरलेल्या वीस सेकंदांत बिर्याणी सांगा, जुन्या आठवणी सांगा, मला त्याही आवडतात. ड्रेसिंग रूममधले किस्से तुमच्याइतके चांगले कोण सांगणार? फक्त चेंडू आधी.

आणि गोलंदाज धावू लागला की बोलणं थांबवा. ही विनंती मी सगळ्यांत आर्जवानं करतोय. त्या चार-पाच सेकंदांत पावलं, हुंकार, टप्पा, बॅट असा सगळा खेळ आमच्या कानांत घडतो. त्याच वेळी तुमचं वाक्य अर्धं असतं, आणि बॅटचा तो 'टॉक्' त्या वाक्याखाली गाडला जातो. दोन षटकांच्या मध्ये वाजणाऱ्या ढोल-डीजेचं मला काही म्हणायचं नाही, पण चेंडूला त्याची शांतता मिळू द्या. तुमच्या मागे बसणाऱ्या निर्मात्यांना सांगा, यष्टीच्या माइकचा आवाज जरा वर ठेवा. ते वाचतील म्हणून इथेच लिहितो.

धावसंख्या सांगा. ती पडद्याच्या कोपऱ्यात असते, हे मला सांगून समजलेलं आहे. मला ती ताईला विचारावी लागते, आणि ताई घरी नसेल तर मला सामना किती षटकांवर आलाय तेही कळत नाही. षटक संपलं की एकदा, बळी गेला की एकदा. "इथे पाय बघा" असं म्हणता तिथे "पुढचा पाय यष्टीच्या रेषेत आहे" असं म्हणा. डोळ्यांनी बघणाऱ्यालाही त्यातून काही नवं कळेल.

आजच्या प्रक्षेपणात मला सगळ्यांत छान वर्णन कुणाचं वाटतं सांगू? तिसऱ्या पंचांचं. रिव्ह्यू, म्हणजे पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी, लागला की मी पुढे सरकून बसतो. ते एकेक पायरी मोठ्यानं उच्चारतात. आधी पायाचा नो-बॉल तपासला, ठीक आहे. बॅट आणि चेंडूत फट दिसते. आवाजाच्या रेषेत काही नाही. आता चेंडूचा मार्ग दाखवा. टप्पा रेषेत, पॅडवर आदळला तोही रेषेत, यष्टींना लागतोय. त्या दीड मिनिटात मी आणि डोळस माणूस अगदी बरोबरीचे असतो. ते माझ्यासाठी बोलत नसतात, त्यांच्या कामाचा नियमच असा आहे. पण त्यातून दिसतं की चित्र समोर असतानाही वर्णन करता येतं आणि कुणाला त्याचा कंटाळा येत नाही. उलट रिव्ह्यूच्या वेळी अख्खं घर गप्प बसून ऐकतं.

आणि आपल्या मातीत हे नवीन आहे असंही नाही. आमच्याकडे जत्रेत कुस्त्यांचं मैदान असतं. हजारो माणसं, मागच्याला आखाडा दिसणं शक्य नाही. हलगी चाललेली असते आणि निवेदक सांगत असतो, कब्जा कुणी घेतला, ढाक लावायला बघतोय, खालचा निसटला, पुन्हा खडाखडी सुरू. हलगीचा ठेका चढला की मला कळतं पकड जवळची आहे, पण कोण वर नि कोण खाली ते निवेदकच सांगतो. लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसलेली शेजारची पोरं नि खाली उभा असलेला मी, आम्हाला कुस्ती सारखीच कळायची. त्या निवेदकांनी कुठे प्रशिक्षण घेतलेलं नसतं. मागच्याला दिसत नाही, एवढंच त्यांच्या मनात असतं.

१९८३ ची कपिल देवची नाबाद १७५ आठवा. टनब्रिज वेल्सवर, झिंबाब्वेविरुद्ध, ९ धावांत चार बाद असताना सुरू झालेली. तिचं चित्रीकरणच झालेलं नाही. म्हणजे त्या दिवशी मैदानावर नसलेल्या कोट्यवधी भारतीयांनी ती खेळी सांगण्यातूनच ओळखली. तिच्या बाबतीत मी आणि तुम्ही एकाच बाकावर आहोत.

मैदानावर जाण्याविषयीही थोडं लिहितो, कारण तुमच्यापैकी बरेच जण माजी खेळाडू आहात, संघटनांमध्ये तुमच्या शब्दाला वजन आहे. काही वर्षांपूर्वी भाचीनं तिकिटं काढली आणि आम्ही एका मोठ्या स्टेडियमवर गेलो. मी खिशात छोटा रेडिओ आणि इयरफोन घेतला होता. दारावरच्या माणसानं दोन्ही काढून घेतले, आत न्यायला मनाई. मी सांगितलं, मला दिसत नाही, हे माझे डोळे आहेत. तो बिचारा नियमाला बांधलेला, म्हणाला, "काका, मग तुम्ही आत जाऊन करणार काय?" भाचीच्या मोबाइलवर समालोचन लावावं म्हटलं तर ते प्रत्यक्ष खेळाच्या अर्धा मिनिट मागे. गर्दी षटकाराला ओरडून शांत झालेली आणि मोबाइलवर गोलंदाज अजून धावतोय. शेवटी भाची चार तास माझ्या कानात बोलत राहिली. तिचा घसा बसला, आणि तिचा स्वतःचा सामना बुडाला.

इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या मैदानांवर अंध प्रेक्षकांना छोटा रिसीव्हर देतात आणि खास त्यांच्यासाठी वर्णन करणारा माणूस तिथे बसलेला असतो. २०१४ पासून पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकातही तशी सोय होत आली आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४२ वं कलम इलेक्ट्रॉनिक माध्यमांमधल्या ध्वनिवर्णनाविषयी स्पष्ट बोलतं. मैदानापुरतं, विनाविलंब ऐकू येणारं मराठी वर्णन आणि दारावर रेडिओ न अडवणं, एवढं एखाद्या रणजी सामन्यापासून सुरू झालं तरी मी भाचीला घेऊन पहिल्या दिवशी येईन.

शेवटी एका मुलाविषयी सांगायचंय.

दर रविवारी मी अंध मुलांच्या एका शाळेत जातो. तिथे दहा वर्षांचा एक मुलगा आहे, क्रिकेटचा वेडा. मोबाइलवर एकही सामना सोडत नाही. कुठला खेळाडू लिलावात कितीला गेला ते पाठ, कुणाचं टोपणनाव काय ते पाठ, तुमच्यातल्या प्रत्येकाच्या आवाजाची नक्कल करतो आणि हुबेहूब करतो. मी त्याला सहज विचारलं, कव्हर कुठे असतो? तो गप्प झाला. मग म्हणाला, "काका, कव्हर म्हणजे पावसात पिचवर टाकतात ते ना?" गली म्हणजे त्याला बोळ वाटत होता. मुलगा हुशार आहे. तीन-चार वर्षं रोज क्रिकेट ऐकून त्याला मैदान कुणी दिलंच नाही.

पुढच्या रविवारी मी आईचं ताट घेऊन गेलो. आई आता नाही, ताट आहे, कडेला एक पोचा आलाय. काडी ठेवली, दाणे ठेवले, त्याचे हात हातात घेऊन फिरवले. तो प्रत्येक दाण्याचं नाव दोनदा विचारत होता. डावखुरा आला की काय होतं ते मी सांगितलं, तर त्यानं एका झटक्यात सगळे दाणे बरोबर उलटे केले.

आता प्रत्येक सामन्याला तो वसतिगृहात ताट मांडीवर घेऊन बसतो. परवा त्याचा फोन आला, आवाज रडवेला. म्हणाला, "काका, मी सगळे दाणे लावून बसलोय, पण ते कोण कुठे उभं आहे सांगतच नाहीत. मी कुणाला कुठे हलवू?"

पुढच्या सामन्यात, पहिला चेंडू पडायच्या आधी, त्याला तेवढं सांगाल का?

आपला,
मिरजेचा एक श्रोता